बाळंतिणीचे केस आणि अख्ख्या गल्लीची तेलं

आमच्या खान्देशात बाळंतिणीच्या केसांवर बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. शेजारच्या काकू, लग्नात भेटलेली नवऱ्याची चुलत मावशी, ब्लाउज शिवणारी ताई, कोणीही. "काय वं माय, तुना केस कोठे गयात?" म्हणून विचारणार आणि आपण तोंड उघडायच्या आत एक तेल सांगून मोकळ्या होणार. माझ्या मुलाच्या वेळी मला इतकी तेलं सांगितली गेली की विचारू नका, माक्याचं, जास्वंदीचं, कढीपत्ता जाळून काळं केलेलं, कांद्याचं, एरंडेल, बदामाचं, आणि एक तर कोणत्या तरी बाबांकडचं. पण त्या सगळ्या गर्दीत "तुझं हिमोग्लोबिन किती आहे गं" असं एकीनेही विचारलं नाही. आज जे लिहायचंय ते मुख्यतः ह्यावरच आहे.

निमित्त आमच्या धाकट्या नणंदेचं. ती शिरपूरला असते, मुलगी चार महिन्यांची होतेय, आणि परवा व्हिडिओ कॉल केला तर बाळाऐवजी हातात गुंतवळच. "वहिनी हे बघा, एका आंघोळीचे." आणि डोळे भरलेले. टक्कल पडणार, नवरा काय म्हणेल, पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे, सगळं एका दमात. फोनवर तिला जमेल तेवढं सांगितलं, पण मागे पोरगी रडत होती त्यामुळे अर्धं तिच्या कानापर्यंत गेलंच नसेल, म्हणून नीट लिहून काढते, बाकीच्यांनाही होईल उपयोग.

तर आधी हे होतं का ते. डोक्यावरचा प्रत्येक केस आपापल्या हिशोबाने जगतो. दोन ते सहा-सात वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ बंद पडते, मग साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो, आणि त्याच जागेतून नवीन येतो. एरवी शंभरातले ८५-९० केस वाढीच्या टप्प्यात असतात आणि बाकीचे बसलेले, म्हणून रोजचे ५० ते १०० केस गेले तरी आपल्या लक्षात येत नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन भरपूर वाढलेलं असतं, त्याने केस वाढीच्या टप्प्यातच अडकून राहतात, गळायचे ते गळत नाहीत. पाचव्या-सातव्या महिन्यात वेणी जाड वाटते, लोक म्हणतात काय केस आलेत, ते ह्यामुळे. नवीन केस आलेले नसतात, जुने गेलेले नसतात. रिटायरमेंटला आलेल्या सगळ्या स्टाफला नऊ महिने एक्स्टेन्शन दिलं, आणि डिलिव्हरी झाल्या झाल्या ते एकदम रद्द केलं, तर सगळे एकाच वेळी घरी जाणार ना, तसंच. डिलिव्हरीनंतर इस्ट्रोजेन धाडकन खाली येतं, ढीगभर केस एकदम बसून घेतात, आणि मग तो तीन महिन्यांचा काळ संपला की गळायला लागतात. म्हणून हे बाळंतपणानंतर लगेच होत नाही, दोन ते चार महिन्यांनी सुरू होतं, चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त दिसतं, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस परत पहिल्यासारखे झालेले असतात. डॉक्टर लोक ह्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. ह्याने टक्कल पडत नाही. विरळ दिसतात, कानशिलाजवळ आणि कपाळावर जास्त, पण टक्कल नाही.

अजून एक, गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका दिसतो, आणि बायका घाबरतात की मुळासकट निघाला, आता तिथे काही उगवणार नाही. नणंदही तेच म्हणत होती. ते मूळ नसतं. वाढ थांबलेल्या केसाच्या टोकाला तशी गाठ होतेच, उलट तो ठिपका म्हणजे केस आपली वेळ पूर्ण करून पडलाय, तुटलेला नाही. मूळ कातडीत जिथल्या तिथे असतं.

माझी आजी ह्यावर वेगळंच सांगायची. "पोऱ्या हासाले लागना का मायना केस जातस." म्हणजे बाळ आईच्या तोंडाकडे बघून हसायला लागलं की तिचे केस जातात, बाळाची नजर लागते म्हणे. मला तेव्हा हसू आलं होतं, पण नंतर हिशोब केला तर आजीचं कॅलेंडर एकदम बरोबर. बाळ ओळखून हसायला लागतं दीड-दोन महिन्यांनी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खदाखदा, आणि केस गळायची वेळ नेमकी तीच. कारण चुकलं, वेळ नाही चुकली. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बघून ठेवलेलं आहे हे, आणि त्यातली चांगली गोष्ट म्हणजे तिच्या बोलण्यात घाबरवणं नव्हतं, "येतीन परत, रडू नको" एवढंच पुढे असायचं. आताच्या रील्सवाल्यांपेक्षा हे कितीतरी बरं, तिथे तर पहिल्या तीन सेकंदात तुम्हाला टकलं करून टाकतात आणि चौथ्या सेकंदाला बाटली दाखवतात.

आणि फक्त आईचेच नाही, बाळाचेही जातात ना त्याच सुमारास! जन्माचे केस विरळ होतात, डोक्याच्या मागे गोल जागा मोकळी पडते. त्याचं कोणी टेन्शन घेत नाही, जावळ काढू म्हणतात, येतील म्हणतात. आईच्या बाबतीत मात्र...

असो. माझं सांगते. माझा मुलगा माघातला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी अमळनेरकडे गेले तेव्हा सगळ्या बहिणी, चुलत बहिणी आलेल्या, झोके बांधलेले, गाणी चाललेली, आणि मी केस सोडून बसले तर खाली सतरंजीवर केसच केस. उन्हाळा म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ सहज, घामाने डोकं सतत ओलं, त्यात तेल थापलेलं कारण माय म्हणायची बाळंतिणीची टाळू कोरडी ठेवू नये. डोक्यात खाज, कोंडा, वरून गळती. माय गुंतवळ पिशवीत साठवून ठेवायची, केसांवर भांडी देणाऱ्या बाया येतात ना त्यांच्यासाठी. त्या वर्षी तिला एक चांगला डबा मिळाला असेल माझ्यामुळे.

तेलाचं काय ते स्पष्ट बोलते, कारण मला तेलाचा राग नाही. खोबरेल तेल केसाच्या आतपर्यंत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन निघून जातं ते कमी करतं, त्यामुळे केस कमी तुटतात, मऊ राहतात. धुण्याच्या आधी तासभर लावा, छान आहे. कोणी डोक्याला मालिश करून देत असेल तर बाई नाही म्हणू नका, बाळंतपणानंतर कोणी आपल्या डोक्याला हात लावतंय हेच पुष्कळ आहे. पण हे गळणारे केस तीन महिन्यांपूर्वीच सुटायचे ठरलेले आहेत, त्यांना कोणतंही तेल धरून ठेवू शकत नाही, पाचशे रुपयांचं नाही आणि पंधराशेचंही नाही. गंमत अशी की हे आपोआप थांबणारच असतं, त्यामुळे त्या वेळी जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. सहाव्या महिन्यात बाटली आणली, आठव्यात गळती कमी झाली, झालं, ती पुढच्या दहा बाळंतिणींना तेच तेल सांगत सुटते. आणि कोंडा असेल तर तेल थापू नका, कोंड्यातल्या बुरशीला तेल आवडतंच. कांद्याचा रस वगैरे मी तरी नाही लावला, बाळ सारखं अंगावर असतं, त्याला आईचा वास हवा असतो, भाजीचा नाही.

शाम्पूने केस गळतात म्हणून बायका आठ-दहा दिवस डोकंच धूत नाहीत. मग धुतलं की दहा दिवसांचे साठलेले केस एकदम हातात येतात आणि काळजात धस्स होतं. जे सुटलेले आहेत ते सुटलेलेच आहेत, न धुतल्याने ते परत चिकटत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा साध्या शाम्पूने धुवावं, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. शिकेकाई-रिठा वापरत असाल तर तेही चालेल, फक्त रिठा डोळ्यात गेला की ब्रह्मांड आठवतं.

बोअरच्या पाण्याचं विचारतात सगळ्या. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आंघोळीला बोअरचंच, आणि ते जड, बादलीला पांढरा थर बसतो बघा. ते पाणी केस राठ करतं, साबण-शाम्पूला फेस येत नाही, केस मधून तुटतात. पण मुळापासून गळती त्याने होत नाही. जमलं तर शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे घ्या, नाही जमलं तर थोडं कंडिशनर केसांच्या खालच्या अर्ध्या भागाला, एवढंच.

आता मुद्द्यावर येते. बाळंतपणानंतरची नेहमीची गळती ही आपोआप जाते, पण ती लांबते, वाढते किंवा परत येते तेव्हा बऱ्याचदा मागे दुसरं काहीतरी असतं, आणि आपल्याकडे ते दुसरं काहीतरी म्हणजे अनेकदा रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये ॲनिमिया निघाला. म्हणजे दोघींतली एक तर नक्कीच. त्यात डिलिव्हरीत रक्त जातं, सिझर झालं तर अजून, वर बाळ अंगावर पितं. शरीराला लोह कमी पडलं की ते आधी हृदय, मेंदू, बाकीचे महत्त्वाचे अवयव सांभाळतं, केस त्याच्या यादीत सगळ्यात खाली. आपण मात्र केसांपासून सुरुवात करतो.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. पण ते १२ च्या वर असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, त्यासाठी फेरिटिन नावाची वेगळी टेस्ट असते. माझं तसंच निघालं होतं. हिमोग्लोबिन बघून घरातले म्हणाले ठीक तर आहे, आणि मी जिना चढले की धापा टाकत होते. त्वचारोगाच्या मॅडमकडे गेले ती केसांसाठी, त्यांनी डोक्यातली एक बट हळूच ओढून बघितली, किती केस हातात येतात ते, भांग बघितला, नखं बघितली, पापणी खाली ओढून डोळे बघितले आणि तेल नाही लिहून दिलं, रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एवढी फी घिधी आणि तेलबी नही दिधं?"

लाल गोळ्या आठवतात ना, आशाताई आणून देतात त्या? सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत योजनेत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस, आणि डिलिव्हरीनंतरही १८० दिवस. हे दुसरे १८० दिवस कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. बाळ आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे, गोळ्या कपाटात वर. मी ज्या ज्या घरात बाळंतिणीला भेटायला जाते तिथे विचारते, गोळ्या चालू आहेत का, तर उत्तर ठरलेलं, "आता कशाला, झाली ना डिलिव्हरी". सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या. गोळीने संडास काळी होते, घाबरू नका, पोट थोडं जड होतं, कडक होतं, तर जेवणानंतर तासाभराने घ्या, लिंबू-पाण्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते. चहासोबत अजिबात नाही. आपल्याकडे गोळी चहासोबतच घेतात, चहाने ते लोह अंगाला लागत नाही, गोळी घेतल्याचं फक्त समाधान. आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोघींमध्ये दोन तास तरी अंतर ठेवा.

सातपुड्याकडच्या, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूर-चोपड्याच्या वरच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींसाठी वेगळं सांगते. तिकडे रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो. तो साध्या गोळ्यांनी जाणारा नाही, त्याची वेगळी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते, एकदा करून घ्या.

दुसरी टेस्ट थायरॉईडची. डिलिव्हरीनंतरच्या पहिल्या वर्षात साधारण शंभरातल्या पाच बायकांच्या थायरॉईडला सूज येते. आधी काही आठवडे हार्मोन जास्त होतं, धडधड होते, चिडचिड होते, वजन उतरतं, मग उलटं होतं, थंडी वाजते, आळस, अंग सुजल्यासारखं, केस गळतात. हे सगळं "बाळंतपणाचा थकवा" म्हणून खपून जातं. कारण बाळ असलेल्या घरात थकलेली बाई दिसणं ह्यात कोणाला काही वेगळं वाटतच नाही. टीएसएच करून घ्यायची. आणि टेस्टच्या आधी एक लक्षात ठेवा, केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या खात असाल तर लॅबमध्ये सांगा, किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा. बायोटिनमुळे थायरॉईडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीए ह्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये ह्यावर इशारा पण दिला होता. तसंही ज्यांच्या अंगात बायोटिन कमी नाही त्यांना त्या गोळ्यांनी केसांत फार फरक पडतो असं नाही, आणि कमी असणाऱ्या फारच थोड्या. बायोटिनच्या त्या चघळायच्या गमीज खायला गोड लागतात एवढंच.

खाण्याचं. बाळंतिणीला आपल्याकडे उपाशी ठेवतात असं कोणी म्हणू शकणार नाही, डिंकाचे लाडू, मेथीचे, हळिवाचे, बाजरीची भाकरी आणि तूप, लसूण, शोपा, सगळं प्रेमाने. हळिवात लोह आहे, बाजरीत आहे, आपली जुनी माणसं वेडी नव्हती. पण जे बंद करतात त्याची यादी बघा! पालेभाजी नको, बाळाला हिरवी शी होईल. तूरडाळ नको, गॅस होईल. अंडं नको, उष्ण. दही नको, थंड. आणि केळं नको, बाळाला सर्दी होईल. जळगाव जिल्ह्यात! जिथून ट्रक भरभरून केळी देशभर जातात, रावेर-यावलच्या बागेत घर आहे, आणि घरातली बाळंतीण केळ्याकडे बघत बसलीय. केळ्याने केस वाढत नाहीत म्हणा, तो मुद्दा नाही, मुद्दा असा की सव्वा महिन्यासाठी म्हणून सुरू झालेलं हे सहा-सहा महिने चालतं आणि बाईच्या ताटात भाकरी, तूप आणि गोड सोडून फारसं काही राहत नाही. केस बनतात प्रोटीनचे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन असतं, अंडं चालत नसेल तर डाळ जाडसर, मटकी, चवळी, हुलग्याचं कढण, शेंगदाण्याची चटणी, दूध-दही. कळण्याची भाकरी घ्या, ज्वारीत उडीद आहे म्हणजे धान्य आणि डाळ एकाच भाकरीत, त्याच्यासोबत अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, वर लिंबू पिळून. लिंबाने भाजीतलं लोह जास्त लागू पडतं. शेवग्याचा पाला आपल्या परसात फुकट वाळतो आणि आपण पावडर ऑनलाइन मागवतो, ह्याला काय म्हणावं.

अजून एक कटू बोलते. ताटात काय आहे ह्याच्याइतकंच ती कधी जेवते हेही बघा. सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेलं, एका हाताने, दुसऱ्या मांडीवर बाळ. माझ्या माहेरी मला पहिलं ताट मिळायचं, सासरी आल्यावर ते आपोआप शेवटचं झालं, कोणी मुद्दाम केलं नाही, तसंच चालत आलेलं. बारीक व्हायच्या नादात बाळंतपणानंतर लगेच डाएट करणाऱ्या पण आहेत, त्यांना सांगते, भराभर वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस वेगळे गळतात, एक गळती संपते न संपते तोच दुसरी. तसंच टायफॉइड, डेंग्यू, कुठलाही मोठा ताप, त्याच्यानंतरही हेच होतं.

बाळ अंगावर पितं म्हणून केस जातात, दूध बंद कर, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. वरचं दूध देणाऱ्या आयांचेही तसेच जातात.

आता रोजची काळजी. तंग अंबाडा, तंग पोनी घालू नका, कानशिलावर आधीच विरळ असतं, तिथेच ताण पडतो. ओल्या केसात बारीक दातांची फणी नको, रुंद दातांचा कंगवा, खालून वर गुंता सोडवत या. टॉवेलने खसाखसा पुसण्यापेक्षा नवऱ्याचा जुना सुती टी-शर्ट गुंडाळा, मऊ असतो आणि त्याचा तेवढा तरी उपयोग. स्कूटीवर जाताना आपण सगळ्याच स्टोल घट्ट बांधतो, घरी आल्यावर लगेच सोडा, घाम वाळू द्या. मी खांद्यापर्यंत कापून टाकले, त्याने गळती थांबली नाही, कापून थांबतही नाही, पण धुवायला पाच मिनिटं आणि मोरीत लांबलचक गुंतवळ नाही, मनाला बरं वाटलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तेही एका अर्थी बरंच. पार्लरमधलं केस सरळ-मऊ करायचं स्मूदनिंग-केराटिन सध्या नको, त्यातल्या बऱ्याच क्रीममधून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड ह्या घातक रसायनाचा धूर निघतो, अंगावर पाजणाऱ्या बाईने तिथे दोन-तीन तास बसायचं काही कारण नाही. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध आणू नका, पाजत असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नसतं.

हे सगळं एकीकडे आणि आता जे लिहिते ते एकीकडे, केसांच्या नादात हे कोणी सांगतच नाही. आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो. पायाच्या बोटाला जास्त, कधी हाताच्या, मुलगा असेल तर शूच्या जागी सुद्धा. मोज्यात, हातमोज्यात, दुपट्यात केस अडकलेला असतो, बाळ पाय हलवत राहतं आणि तो आवळत जातो, रक्त थांबतं, बोट सुजून लाल-निळं होतं. आईची गळती जोरात असते तेव्हाच बाळ नेमकं लहान असतं. म्हणून बाळ अचानक किंचाळून रडायला लागलं, दूध नको, डायपर कोरडा, पोटही मऊ आहे, काही केल्या राहत नाही, तर पोटदुखी म्हणून घुटी द्यायच्या आधी सगळे कपडे काढून एकेक बोट बघा. केस दिसला आणि सहज निघाला तर काढा, रुतला असेल तर ओरबाडत बसू नका, लगेच दवाखाना, रात्र असली तरी. मोजे घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, बाळाचे कपडे आपल्या कपड्यांसोबत धुतले की नीट बघायचे, आणि बाळाला घ्यायच्या आधी केस बांधायचे. नणंदेला मी पहिलं हेच सांगितलं, केसांचं नंतर.

डॉक्टरकडे कधी जायचं? बाळ वर्षाचं झालं तरी गळती तशीच आहे, भांग रुंद होत चाललाय, गोल चाई पडलीय, डोक्यात खवले, जखमा, दुखतंय, पाळी आल्यावर रक्त खूप जातंय, किंवा केसांसोबत धडधड, धाप, वजनात मोठा फरक. आणि रडू येत राहतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, झोप मिळाली तरी लागत नाही, असं असेल तर केसांसाठी थांबू नका, ते वेगळं, मनाचं दुखणं असू शकतं आणि त्याच्यावर उपचार आहेत. केस गळतात म्हणून रडणारी बाई कधी कधी केसांसाठी रडत नसते.

परत येतात ते कसे दिसतात हे पण सांगते, कारण त्याचीही कोणी कल्पना देत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. माझ्या कपाळावर कानबाईच्या, म्हणजे श्रावणातल्या आमच्या खान्देशी सणाच्या, सुमारास बारीक बारीक केस उभे राहिले, सगळीकडे ताठ, कितीही पाणी लावा, बसतच नाहीत. त्या सणातल्या रोटाच्या दिवशी नऊवारी नेसून, नथ घालून, गजरा माळून मी तयार आणि कपाळावर ही झालर. फोटोत तशीच आहे. चुलत सासू म्हणाल्या केस तुटताहेत तुझे, तेल लाव. अहो तुटत नाहीयेत, उगवताहेत! टोक बघायचं, नवीन केसाचं टोक निमुळतं असतं, तुटलेल्याचं बोथट किंवा फाटलेलं. टिकटॅक पिना, थोडं कोरफड जेल, आणि भांग जरा बाजूला पाडायचा, तेवढे पाच-सहा महिने निघतात.

नणंदेचे रिपोर्ट काल आले. थायरॉईड ठीक आहे, फेरिटिन खूपच कमी, लाल गोळ्या कपाटातून खाली उतरल्यात आणि संध्याकाळी लिंबू-पाण्यासोबत चालू झाल्यात, पहिलं ताट कोणाला ह्यावर तिच्या सासूबाईंशी माझं फोनवर बोलणं झालंय आणि त्या ऐकून तरी घेतात. केस अर्थातच अजून गळताहेत, महिना-दोन महिने गळतीलच. दरम्यान तिच्या मावससासूने सुरतहून एक महागडी बाटली पाठवली, लेबलवर कमरेपर्यंत केस असलेली बाई. ती सध्या आमचे जावईबापू लावतात. त्यांचं कपाळ गेली चार वर्षं मागे मागे सरकतंय, पण त्यांना आजपर्यंत गल्लीत कोणी थांबवून विचारलं नाही की तुना केस कोठे गयात.